तुम्ही विचारलंत म्हणून: ऑफर लेटर मिळालं, आता पीआर (कॅनडात कायम राहायची परवानगी) पक्का ना?

मी कॅनडात, ऑन्टारियो प्रांतातल्या मिसिसागाला एका कंपनीत पगाराचं काम बघतो. त्यामुळे असेल, पण सांगली-पुण्याहून फोन आला की तब्येतपाणी झाल्यावर हा प्रश्न येतोच. "पोराला जॉब ऑफर मिळाली. म्हणजे पीआरचं झालं ना?"

नाही झालं. ऑन्टारियोत परदेशी विद्यार्थ्यांसाठी प्रांताची एक योजना आहे (नियम सांगतोय ते २०२५ चे). कॅनडात शिकलेल्या मुलाला कोणी कायम, पूर्ण वेळ नोकरी दिली, तर प्रांत त्याचं नाव केंद्राकडे सुचवतो, म्हणजे नॉमिनेशन देतो. आधीच्या अनुभवाची अट नाही, फक्त कोर्स संपल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा. इथवर घरच्यांना सगळं तोंडपाठ असतं. पण या योजनेत पोराइतकीच मालकाचीही झडती होते, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

मध्यंतरी एका मुलानं मोबाइलवर पत्र दाखवलं. हुद्दा फूड सर्व्हिस सुपरवायझर, म्हणजे कुशल कामांत बसणारा. (काम खरोखर सुपरवायझरचं हवं. दिवसभर काउंटरवर कॉफी देणाऱ्याला नुसता हुद्दा चिकटवून चालत नाही.) आठवड्याचे तास मात्र २८. योजनेला ३० लागतात. ते मालक बदलून देईल म्हणाला. मग मी विचारलं, हॉटेलात माणसं किती? नऊ. त्यातली नागरिक किंवा पीआर असलेली, पूर्ण वेळची? त्यानं बोटं मोजली. तीन. बाकी सगळी त्याच्यासारखीच वर्क परमिटवरची. टोरांटो आणि आजूबाजूच्या पट्ट्यात अशी पाच माणसं लागतात आणि वर्षाची उलाढाल १० लाख डॉलर. तेच हॉटेल तासाभरावरच्या किचनरला असतं, तर तीन माणसांत आणि ५ लाखांत भागलं असतं.

जुलै २०२५ पासून तर सुरुवातच मालकानं करायची. आधी त्यानं प्रांताच्या पोर्टलवर कंपनीची आणि नोकरीची माहिती भरायची, मग पोराचा नंबर. त्याच वर्षी ऑन्टारियोचा नॉमिनेशनचा कोटा २१,५०० वरून १०,७५० वर आला. आता कामाच्या धबडग्यात कुठला मालक हौसेनं फॉर्म भरत बसणार?

"एक्स्प्रेस एंट्रीत (केंद्राच्या, गुणांवर पीआर देणाऱ्या पद्धतीत) ऑफरचे पॉइंट मिळतात," असं सांगणारे एजंट अजून आहेत. ते पॉइंट २५ मार्च २०२५ ला बंद झाले. ऑफर विकायचा धंदा बोकाळला होता, दुसरं काय! पैसे घेऊन ऑफर देणारा भेटला तर लांबूनच नमस्कार करा. खोटी कागदपत्रं पकडली गेली तर पाच वर्षं दार बंद.

माझं मत विचाराल तर कॉलेज निवडतानाच नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक, प्रिन्स एडवर्ड आयलंड, न्यूफाउंडलंड यांचाही विचार करा. त्या चार प्रांतांच्या, पीआरसाठीच्या अटलांटिक योजनेत मालकाला प्रांताची मान्यता आधीच घ्यावी लागते आणि मान्यताप्राप्त कंपन्यांची यादी जाहीर असते. निदान कुठल्या दारावर थाप मारायची ते कळतं. तिथेच राहून दोन वर्षांचा कोर्स केलेल्याला अनुभवाची अटही माफ आहे. हे सगळं २०२५ चं बोलतोय. नियम सारखे हलतात, तेव्हा अर्ज भरताना सरकारी वेबसाइट स्वतः बघा.

भाचीसाठी हेच सुचवलं तर ताई म्हणाली, "अरे, पण तिकडे आपलं कोण आहे?" कोणी नाही, खरंय. मी भाचीला यादीची लिंक पाठवून दिली.