तुम्ही विचारलंत म्हणून: शेवटच्या रात्रीचे पैसे कशाचे?

"स्वीडनमध्ये कुठेही तंबू ठोकता येतो म्हणे. मग शेवटच्या रात्री पैसे मोजून कॅम्पिंगच्या आवारात का उतरलात?" आमच्या सायकल सहलीचे फोटो पाहिले की कुणी ना कुणी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

आधी ते 'कुठेही'. निसर्गात वावरण्याचा सर्वांचा हक्क, अलेमान्सरेत्तेन, हा तिथला जुना रिवाज. 1994 पासून स्वीडनच्या घटनेतही त्याचा उल्लेख आहे. कुणाच्या घरापासून लांब, पिकात नाही, एखाद-दुसरी रात्र, आणि मागे कचरा नाही, एवढं पाळायचं. पण आम्ही चाललो होतो कट्टेगाटलेडन या सायकलमार्गावरून. गोथेनबर्ग ते हेलसिंगबोर्ग, समुद्राच्या कडेनं साधारण 390 किलोमीटर. तिथं एकीकडे शेतं, दुसरीकडे लोकांची उन्हाळी घरं, आणि मधला किनारा बऱ्याच ठिकाणी राखीव, तंबूला मनाई असलेला. तरी जागा सापडतात. आम्हाला सापडल्याही.

शेवटच्या संध्याकाळी मात्र मला जंगल नको असतं. नळ, विजेचं बटण आणि शेजारी हवे असतात.

मुख्य कारण तंबू. आम्ही जुलैत परतणार होतो, म्हणजे पुण्यात पाऊस. ओला तंबू गुंडाळून तिथं आणला तर वाळायला गणपती उजाडतील, तोवर त्याला बुरशी. आमच्या कॅम्पिंगच्या धुणंघरात कपडे वाळवायचं उभं कपाट होतं. आतून कोमट वारा फिरतो. ताईनं (माझी मावसबहीण) तंबूचं आतलं कापड त्यात टांगलं, बाहेरचं दोन झाडांमध्ये दोरीवर. एवढ्यासाठीच मी पैसे दिले असते.

मग गॅस. स्टोव्हचा डबा विमानात नेता येत नाही, हातातल्या बॅगेत नाही की सामानात नाही. अर्धा भरलेला टाकून द्यायला जीव होत नाही. कॅम्पिंगच्या स्वयंपाकघरात एक फळी असते. परतणारे त्यावर उरलेलं ठेवतात, निघणारे उचलतात. गॅस, मीठ, तेल, कुणाची तरी मोहरीची ट्यूब. (आपल्या आज्या ज्याला पिन मारत बसायच्या तो प्रायमस स्टॉकहोमचाच, 1892 चा. आमच्या डब्यावर तेच नाव होतं, त्यामुळे ताईला तो फळीवर ठेवताना उगाच वाईट वाटलं.)

जेवण म्हणजे उरलेलं सगळं. ब्यारे द्वीपकल्पातले नवे बटाटे रस्त्याकडेच्या फळकुटावरून घेतले होते. तिथं विक्रेता नसतो, फक्त पैसे पाठवायचा नंबर. पण स्विश हे आपल्या यूपीआयसारखं असलं तरी त्याला स्वीडिश बँकेतलं खातं लागतं. सुटी नाणी होती म्हणून बटाटे मिळाले. शेपू घालून उकडले. उरलेल्या लाल मसुराची आणि तांदळाची खिचडी झाली. तरी तांदूळ उरलाच.

सूर्यास्त साडेनवाच्या पुढे. समोर खाडीपलीकडे डेन्मार्क, तिथं क्रोनबोर्ग किल्ला, हॅम्लेटवाला. छान होता. फोटोत आहेच.

मला त्या उजेडाचा खरा उपयोग पेडल काढायला झाला. विमानात सायकल खोक्यात घालायची तर पेडल काढावी लागतात, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत ती घट्ट धरतात. विमानतळावर कुस्ती करण्यापेक्षा आदल्या दिवशी सैल करून, ग्रीस लावून पुन्हा हलकी आवळलेली बरी. डाव्या पेडलचे आटे उलटे. सवयीनं फिरवाल तर आणखी आवळाल. आमचा पाना आखूड, जोर पुरेना. शेजारच्या तंबूतले जर्मन काका बराच वेळ बघत होते. शेवटी न बोलता हातभर लांबीचा पाना घेऊन आले आणि दोन्ही पेडल सोडवून दिली.

ताईनं त्यांना उरलेला तांदूळ दिला. पाणी किती घालायचं, त्यांनी विचारलं. ताईनं पातेल्यात बोट बुडवून दाखवलं: तांदळाच्या वर एक पेर. काकांनी आपलं बोट तिच्या बोटाशेजारी धरलं. त्यांचं पेर बरंच मोठं होतं. मग दोघं पातेलं घेऊन नळाशी गेले.