वॉइड लिनक्स का निवडले

लिनक्सचे वितरण (म्हणजे कर्नल हा गाभा आणि इतर सॉफ्टवेअर एकत्र बांधलेली तयार प्रणाली) निवडताना बहुतेक जण आधी डेस्कटॉप कसा दिसतो ते पाहतात. हा निकष मला पटत नाही, कारण केडीई किंवा एक्सएफसीईसारखा डेस्कटॉप जवळजवळ कोणत्याही वितरणावर बसवता येतो. कर्नलनंतर पहिली प्रक्रिया कोणती सुरू होते, बहुतेक प्रोग्रॅम जिच्यावर अवलंबून असतात ती सी लायब्ररी कोणती आहे आणि पॅकेजे कशी अद्ययावत होतात, या गोष्टी मात्र नंतर सहजासहजी बदलता येत नाहीत.

2014 मध्ये डेबियन या वितरणाच्या तांत्रिक समितीने सिस्टमडीच्या, म्हणजे पहिली प्रक्रिया म्हणून सुरू होऊन बाकीच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या, बाजूने कौल दिला आणि त्या वादातूनच पुढे डेव्हुआन हे सिस्टमडी नसलेले वितरण जन्माला आले. सिस्टमडीशी माझे वैर नाही. सेवांचा (पार्श्वभूमीला चालणाऱ्या प्रोग्रॅमचा) क्रम आणि परस्परावलंबन ती उत्तम सांभाळते. परंतु घरच्या लॅपटॉपवर मोजक्याच सेवा चालत असताना एवढा पसारा मला नको होता, म्हणून मी त्याच कामासाठी रनइट ही साधी प्रणाली वापरणारे वॉइड घेतले.

रनइटमध्ये प्रत्येक सेवेची एक डिरेक्टरी असते आणि तिच्यात ‘रन’ नावाची, बहुधा चार-पाच ओळींची शेल स्क्रिप्ट असते. त्या डिरेक्टरीची सिमलिंक (तिच्याकडे बोट दाखवणारा दुवा) ठरलेल्या जागी केली, की पाचेक सेकंदांत सेवा सुरू होते. सिमलिंक काढली, की थांबते. आणि मध्येच बंद पडली, तर रनइट तिला पुन्हा उभी करते. सेवांचा क्रम मात्र रनइट ठरवत नाही. एखाद्या सेवेला डीबस (प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलू देणारा दुवा) आधी लागत असेल, तर तो तयार आहे का हे तिच्या स्क्रिप्टनेच तपासायचे आणि नसेल तर बाहेर पडायचे. रनइट ती पुन्हा चालवतेच. हे काहींना ओबडधोबड वाटेल. मला ते आवडते, कारण सगळा कारभार डोळ्यांसमोर राहतो.

वॉइड ग्लिबसी आणि मसल अशा दोन्ही सी लायब्ररींवर मिळते. मसल आटोपशीर आहे, पण एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसारखी ग्लिबसीसाठी तयार केलेली बंदिस्त सॉफ्टवेअरे तिच्यावर थेट चालत नाहीत, म्हणून मी मुकाट्याने ग्लिबसी घेतली.

एक्सबीपीएस हा वॉइडचा पॅकेज व्यवस्थापक पॅकेजे अद्ययावत करण्यापूर्वी सामायिक लायब्ररींचा मेळ तपासतो आणि तो बसत नसेल तर कामाला हातच लावत नाही. सतत बदलणाऱ्या वितरणात ही शिस्त मोलाची आहे. डेबियनइतकी पॅकेजे येथे मिळत नाहीत, आणि वर्षानुवर्षे न हलवता चालवायच्या सर्व्हरसाठी मी आजही डेबियनच सुचवतो.