आईच्या नावावर काय काय आहे?

टूर कंपनीबरोबर जायचं नाही, दहा शहरं पळत पळत बघायची नाहीत. एकच शहर, दोघीच, आणि आठवड्याच्या आत घरी परत. आईचं आणि माझं एवढं ठरलं आणि शहर निघालं व्हिएन्ना, ऑस्ट्रियाची राजधानी. विमानाचं तिकीट आणि हॉटेल या भागावर लिहिण्यासारखं काही नाही, ते कुणालाही जमतं. खरं काम होतं व्हिसाचं, आणि त्यातही माझ्या नाही, आईच्या.

युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो शेंगेन व्हिसा. तो देणाऱ्याला मुळात तीन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. खर्च कोण करणार, राहणार कुठे, आणि परत येणार कशावरून. माझी फाइल एका संध्याकाळीत तयार झाली: पगाराच्या स्लिपा, ऑफिसचं रजेचं पत्र, इन्कम टॅक्सची रिटर्न्स, बँकेचं शिक्क्यासह स्टेटमेंट. आईच्या खर्चाची हमी मीच घेतली. नात्याचा पुरावा शोधावा लागला नाही, माझ्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव छापलेलंच आहे. बाबांच्या मृत्यूचा दाखलाही आपल्याकडे मराठी-इंग्रजी असा दोन्हीत मिळतो, त्यामुळे तोही तसाच चालला.

अडलं ते तिसऱ्या प्रश्नावर. आई गृहिणी. व्यवसायाच्या रकान्यात तेवढाच एक शब्द. घर बाबांच्या नावावर, वीजबिल बाबांच्या नावावर, गॅसचं कार्ड बाबांचं, घरपट्टी अजून बाबांच्याच नावाने येते. ज्या घराची बिलं तिने वर्षानुवर्षं रांगेत उभं राहून भरली, त्यातल्या एकाही बिलावर ती नाही. आम्ही जेवणाच्या टेबलावर सगळे कागद पसरून बसलो आणि मला आईपेक्षा जास्त राग आला. ती शांतपणे म्हणाली, "अगं, पैसे भरल्याशी मतलब. नाव कोण बघतं?"

इथल्या एका एजंटने सुचवलं की मम्मींच्या खात्यात दोन-तीन लाख टाकून ठेवा, बॅलन्स चांगला दिसेल. कुणी असं सांगितलं तर ऐकू नका. स्टेटमेंट काही महिन्यांचं मागतात ते त्यासाठीच. अर्जाच्या तोंडावर आलेली मोठी रक्कम लगेच उठून दिसते आणि कुठून आली हा नवा प्रश्न उभा राहतो. आईच्या खात्यात दर महिन्याला फॅमिली पेन्शन येते, त्यातून किराणा, औषधं जातात, थोडं उरतं. तेच खरं होतं, तेच लावलं. जोडीला तिच्या नावाची एक मुदत ठेव.

आणि सातबारा. निफाड तालुक्यात आमची थोडी जमीन आहे. बाबा गेल्यावर वारसांची नोंद झाली तेव्हा आईचं नाव लागलं होतं. डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन काढला, त्याचं इंग्रजी भाषांतर करून नोटरीचा शिक्का घेतला. ती जमीन चुलतभाऊ कसतो, द्राक्षं लावतो, माल नेदरलँड्सला जातो. तो फोनवर म्हणाला, "काकू, तुमची द्राक्षं दर वर्षी युरोपला जातात, मग तुम्हाला कोण अडवतंय?" आई म्हणाली, "द्राक्षांना परत यायचं नसतं रे."

कव्हर लेटरमध्ये मी हे सगळं सरळ लिहिलं. आई कुठे राहते, तिचं उत्पन्न काय, घरी कोण आहे, जमीन कुठे आहे. अलंकारिक इंग्रजी नाही, एक पान.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाची मुदत पंधरा दिवस, पण ती पंचेचाळीसपर्यंत लांबू शकते, म्हणून उन्हाळ्यात जायचं तर आधीच हात घाला. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि तिथून निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. आईला बीपी आणि शुगर, म्हणून आधीपासूनच्या आजारांचं काय, हे पॉलिसी घेण्याआधी बारीक अक्षरात वाचलं. फी जून २०२४ पासून ९० युरो झाली, आधी ८० होती. अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवा आकार वेगळा, आणि व्हिसा नाकारला तर फी परत नाही. "ज्येष्ठांना सवलत नाही?" आईने विचारलं. एसटीत अर्ध्या तिकिटावर फिरायची सवय! नाही, सवलत नाही.

मुंबईला पंचवटी एक्सप्रेसने गेलो, व्हिसा केंद्रावर वेळेच्या आधी पोचलो. कागद तपासणं सुरळीत झालं. मग बोटांचे ठसे. उजव्या हाताची चार बोटं काचेवर ठेवली, लाल दिवा. पुन्हा ठेवली, पुन्हा लाल. आईच्या बोटांवरच्या रेषा भांडी आणि धुणी करून पार गुळगुळीत झाल्यात, रेशनच्या दुकानातल्या मशीनवरही हेच होतं. काउंटरवरची मुलगी आपल्याकडचीच होती. तिने आधी ओल्या टिश्यूने बोटं पुसायला दिली, मग म्हणाली, "आजी, बोटं जरा कपाळावर घासा." आईने टिकली सांभाळत कपाळावर बोटं फिरवली, काचेवर दाबली, मुलीने वरून स्वतःचा हात ठेवून हलकेच दाब दिला. हिरवा. डावी करंगळी मात्र शेवटपर्यंत रुसली होती, तिलाही असंच मनवलं. मागे रांग वाढत होती, पण त्या मुलीने घाई केली नाही.

व्हिसा मुदतीत आला. आईचा आणि माझा, सारख्याच तारखांचा.

सामान भरताना एक लक्षात ठेवा: युरोपात बाहेरून दूध-दुभत्याचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही. म्हणजे तूप, पेढे घरीच. आम्ही दशम्या तेलावर केल्या, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट. मेतकूट-भाताला तूप नाही, याचं आईला व्हिसापेक्षा जास्त दुःख झालं.

व्हिएन्नात तिला सगळ्यात काय आवडलं? राजवाडा नव्हे. शोनब्रुन पाहून ती म्हणाली, एवढ्या खोल्या झाडायच्या कुणी? तिला आवडलं नळाचं पाणी. शहराला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी १८७३ पासून नळाने येतं, रस्त्यात पिण्याच्या तोट्या आहेत, आणि ती प्रत्येक ठिकाणी बाटली भरून घ्यायची. स्टीफन्स कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्याच्या ३४३ पायऱ्या मी एकटी चढले. ती खाली बाकावर बसून एका ऑस्ट्रियन आजींशी खुणांनी गप्पा मारत होती, विषय बहुधा गुडघे. रविवारी दुकानं बंद असतात हे मात्र ध्यानात ठेवा, दही-फळं शनिवारीच आणून ठेवली म्हणून बरं. मेट्रोला आपल्यासारखी फाटकं नाहीत. पण तिकीट पंच केलेलं नसेल आणि तपासनीस आला, तर दंड जबर.

आता आई प्राग म्हणते आहे. एकदा दिलेले बोटांचे ठसे ५९ महिने चालतात, त्यामुळे तेवढा भाग सहसा सुटतो. बाकी कागद पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, आधी घरपट्टी तुझ्या नावावर करून घेऊ. ती म्हणाली, तू अर्ज आण, सही मी करते.