लिफ्ट केलेल्या ट्रकचा बूट फाटला, पण दोष बुटाचा नव्हता

तो ट्रक मीच लिफ्ट केला होता, म्हणजे पुढून उंच करून दिला होता, म्हणून जरा जास्तच लागलं मनाला. दोन महिन्यांपूर्वी पुढे स्पेसर (गाडी उंच करायची जाड चकती) टाकून, अलाइनमेंट करून, ट्रायल मारून दिलेला फोर बाय फोर पिकअप, आणि त्या दिवशी सकाळी मालक परत दारात, म्हणतो दादा डाव्या चाकाच्या आतून काळं काहीतरी उडतंय आणि स्टेअरिंग पूर्ण कापलं की कट कट कट आवाज येतो. जाता जाता हेही म्हणाला की खड्ड्यातून चाक बाहेर निघताना पुढून 'ठक' असं वाजतं, पण ते तर गाडी घेतल्यापासूनच आहे. हे शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. खरं उत्तर त्यातच होतं हे मला दुपारी कळलं.

चाक काढायच्या आधीच रिमच्या आत बोटं फिरवली तर हात काळा. ग्रीसचा पट्टा रिमच्या आत गोल, अप्पर आर्मच्या खालच्या बाजूला, कॅलिपरवर, सगळा एका रेषेत. डिफरन्शियलचं (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचं) सील गेलं असेल तर पातळ ऑइल खाली ओघळतं, पण ग्रीस असं एका रेषेत गोल फेकलं गेलंय म्हणजे अ‍ॅक्सलचा बूट (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या जॉइंटवरचं, ग्रीस धरून ठेवणारं रबरी कव्हर) फाटलाय, त्यात शंका नाही. माझ्या हाताखाली शिकणारा मुलगा टॉर्च धरून होता, तो म्हणाला दादा बूट हलक्या क्वालिटीचा असेल, नवीन टाकून देऊ. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात क्षणभर तेच आलं. बूट बदला, क्लॅम्प मारा, गाडी द्या. पण बूट जुना नव्हता, रबर मऊ होतं, कुठे तडे नव्हते, मग चांगलं रबर दोन महिन्यांत फाटतंच कसं?

अ‍ॅक्सल बाहेर काढला आणि फाटका बूट कापून टेबलावर उलगडून ठेवला. पेटीचा भाता असतो ना तशा त्याला वळ्या असतात. फाटलं होतं ते दोन वळ्यांच्या मधल्या खाचेत, पण माझं लक्ष गेलं वळ्यांच्या अंगाकडे. समोरासमोरच्या दोन वळ्यांवर अगदी गोल, गुळगुळीत, पॉलिश केलेल्या चामड्यासारखी चमकणारी एक एक रिंग, आणि खाचेत काळी भुकटी, पेन्सिल घासल्यावर पडते तशी. म्हणजे दगड लागून किंवा काटा लागून फाटलेला नाही, वळी वळीवर घासून घासून रबर झिजलंय. मग उजव्या बाजूचे बूट बघितले, ते फाटले नव्हते पण रिंगा तिथेही होत्या, बाहेरच्या बुटावर आणि आतल्यावरही. उजवीकडचे पण रांगेतच उभे होते.

इथे थोडं सांगतो, कारण लिफ्ट करून घेणाऱ्या बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. चाकाकडचा जो जॉइंट असतो, सहा गोळ्यांचा, तो बऱ्याच गाड्यांत 45 अंशांच्या आसपास वाकू शकतो. ही रचना आल्फ्रेड रझेपाची, 1920 च्या दशकातली, आणि आजही जवळपास तशीच चालते. डिफरन्शियलकडचा ट्रायपॉड, म्हणजे तीन रोलरचा जॉइंट, साधारण त्याच्या निम्माच वाकतो पण तो आत-बाहेर सरकतो. थोडक्यात लिफ्टने लोखंड लगेच मोडत नाही. अडतं ते रबर. जॉइंट वाकला की बुटाच्या एका बाजूच्या वळ्या ताणतात आणि दुसऱ्या बाजूच्या दाबल्या जातात, आणि अ‍ॅक्सल फिरतोय म्हणजे प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक वळी एकदा दाबली जाते, एकदा ताणली जाते. कोन कमी असेल तर वळ्या एकमेकींना टेकतच नाहीत. कोन वाढला की टेकतात, मग घर्षण, मग उष्णता, मग मधे बसलेली धूळ पॉलिश पेपरचं काम करते. आणि ज्या गाडीत फ्री व्हील हब (चाक अ‍ॅक्सलपासून सोडवायची सोय) नाहीत तिच्यात टू व्हील मोडमध्येही पुढचे अ‍ॅक्सल फिरतच राहतात, त्यामुळे ऑफरोड गेलोच नाही हे म्हणणं बुटाच्या उपयोगाचं नाही.

तर प्रश्न असा की मी टाकलेल्या स्पेसरने एवढा कोन कसा झाला. मी टाकला होता 25 मिमीचा, शॉकअपच्या वरच्या माउंटवर. शॉकअप लोअर आर्मच्या साधारण मध्यावर बसतो त्यामुळे वर 25 टाकलं की चाकाशी जवळपास दुप्पट, 50 मिमीच्या आसपास मिळतं. (25 चा स्पेसर म्हणजे 25 ची लिफ्ट असं समजून लोक 50 चा मागतात, तिथे मी स्पष्ट नाही म्हणतो.) माझ्या या ट्रकचा अ‍ॅक्सल जॉइंट ते जॉइंट 400 मिमी भरला, म्हणजे 50 च्या लिफ्टला कोन 7 अंशांनी वाढतो. मूळचा 4 धरला तर 11. एवढ्याला वळ्या टेकायला नकोत. फोन अ‍ॅक्सलवर ठेवून कोन मोजला, उजवीकडचा, गाडी चाकांवर उभी असताना. 18 आला. परत मोजला, परत 18.

मग तो 'ठक' आठवला.

पुढची बाजू जॅकवर घेतली आणि चाक किती खाली लोंबतं ते मोजलं. या जातीच्या गाडीला उभ्या अवस्थेपासून पूर्ण लोंबेपर्यंत 80-90 मिमी तरी जागा असते, इथे जेमतेम 35. म्हणजे शॉकअप आधीच जवळजवळ पूर्ण उघडलेला होता, खड्ड्यातून चाक खाली गेलं की लगेच टोकाला जाऊन आपटत होता, तोच आवाज. शॉकअप खाली उतरवला, स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून खोलला, आणि वरच्या रबरी गादीच्या मागे, स्प्रिंगच्या डोक्यावर, काळ्या रंगाचा, मातीने लिंपलेला आणखी एक स्पेसर. मी टाकलेला नाही. गाडी सेकंडहँड घेतलेली, आधीच्या मालकाने कधीतरी टाकून घेतला असणार, आताच्या मालकाला त्याचा पत्ताच नाही. मी माझा स्पेसर वरून बसवला होता त्यासाठी स्प्रिंग खोलावीच लागली नव्हती त्यामुळे माझ्याही नजरेला पडला नाही.

पण चूक माझीच होती. लिफ्ट करायच्या आधी हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत माप घेतलं असतं आणि कंपनीच्या मूळ मापाशी ताडून बघितलं असतं तर ही गाडी आधीच 50 मिमी वर आहे हे पाच मिनिटांत कळलं असतं. मी आधीचं माप घेतलं होतं, नंतरचंही घेतलं होतं, फरक 50 आला म्हणून खूश झालो होतो. आधीचं मापच मूळचं नाही हे तपासलं नाही. मालकाला हे जसं आहे तसं सांगितलं, तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला आता काय करायचं ते नीट करा.

या दोन स्पेसरमधला फरक मी त्या मुलाला तिथेच समजावला. स्प्रिंगवरचा स्पेसर गाडी उभी असताना वर उचलतो पण शॉकअपची लांबी तेवढीच राहते, म्हणून चाक खाली लोंबायची मर्यादा बदलत नाही, फक्त उभ्या गाडीतच चाक त्या मर्यादेच्या जवळ जाऊन बसतं. माउंटवरचा स्पेसर गाडीही उचलतो आणि चाकाला आणखी खालीही जाऊ देतो. दोन्ही एकत्र टाकले की गाडी दिवसभर रस्त्यावर त्या कोनात चालते ज्या कोनात ती फक्त कधीतरी, एखाद्या मोठ्या खड्ड्यात, क्षणभर जायला हवी. पूर्ण लोंबलेलं चाक आमच्या ट्रकला 23 अंशांवर जात होतं आणि आतला स्पेसर काढला तरी 23 वरच जाणार होतं, त्यात फरक पडत नाही. फरक होता अ‍ॅक्सल दिवसभर कुठे राहतो त्यात.

म्हणून आतला काढला, माझा ठेवला. उभ्या गाडीचा कोन 11 वर आला. पण तो 23 मला डाचत होता, ट्रायपॉडला ते टोकच, म्हणून डिफरन्शियल 25 मिमी खाली घेणारे ब्रॅकेट टाकले, त्याने उभा कोन 7 ते 8 आणि पूर्ण लोंबलेला 20 च्या आत. त्याच्या बदल्यात डिफरन्शियलखालची जागा तेवढी कमी होते आणि स्किड प्लेटलाही खाली सरकवावं लागतं, हे मालकाला आधी विचारलं, तो तयार झाला. ज्याची लिफ्ट थोडीशीच आहे त्याला हे ब्रॅकेट लागतीलच असं नाही.

डाव्या बाहेरच्या जॉइंटमधलं ग्रीस दोन बोटांत चोळलं तर रवाळ लागलं, शिवाय तो आवाज करतच होता, त्यामुळे डावा अ‍ॅक्सल नवीन. उजव्याचं ग्रीस स्वच्छ होतं, तो धुऊन नवे बूट टाकले. कापलेले, चिकटवायचे बूट मी वापरत नाही, लिफ्टच्या गाडीला तर नाहीच, तो जोड सगळ्यात आधी सुटतो. किटमधलं मॉलिब्डेनमचं ग्रीस पूर्ण पाकीट आत गेलं पाहिजे, अर्धं ठेवायचं नाही आणि चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस त्याच्या जागी चालत नाही. आणि एक गोष्ट जी घाईत सगळे विसरतात, लहान क्लॅम्प आवळायच्या आधी अ‍ॅक्सल उभ्या गाडीच्या लांबीवर धरायचा आणि बुटाच्या ओठाखाली बोथट स्क्रूड्रायव्हर सरकवून अडकलेली हवा सोडायची. फुस्स असा आवाज आला आणि बूट डोळ्यांदेखत मोकळा झाला, वळ्या सारख्या अंतरावर बसल्या. ती हवा तशीच राहिली की बूट एकतर फुगतो नाहीतर आत ओढला जातो आणि वळ्या पुन्हा एकमेकींवर.

नकल (चाकाचा हब धरणारा भाग) सोडताना ते तारेने फ्रेमला बांधून ठेवायला लावलं. आधी मुलाने ते तसंच बाहेर झुकू दिलं होतं, सगळं वजन अ‍ॅक्सलवर. त्याने आतला बूट ताणतो, ट्रायपॉड कपातून निसटायला येतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मी जरा जोरातच ओरडलो त्याच्यावर, नंतर समजावलं. लोअर आर्मचे बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उभी करून, आवळले.

गाडी देण्याआधी वळ्यांच्या कडांना खडू घासला, चारही बुटांना. चाक लोंबलेलं ठेवून स्टेअरिंग इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत, अ‍ॅक्सल हाताने फिरवत, मुलगा टॉर्च धरून. मग तासभर रस्त्यावर ट्रायल. परत येऊन बघितलं तर उभ्या कोनात खडू सगळीकडे शाबूत, फक्त उजव्या आतल्या बुटाच्या एका वळीवर अर्धी बोटभर पुसलेला. तिथे बुटाचं लहान तोंड शाफ्टवर 8 मिमी बाहेर सरकवलं, या शाफ्टला तिथे खाच नव्हती म्हणून जमलं, नवीन क्लॅम्प मारला, पुन्हा खडू, पुन्हा रस्त्यावर. या वेळी पुसला नाही. 'ठक'ही गेला होता.

हजार किलोमीटरनंतर मालकाला बोलावलं होतं, तो आला. रिमच्या आत बोट फिरवलं, कोरडं. डाव्या बाहेरच्या मोठ्या क्लॅम्पच्या कडेला ग्रीसचा किंचित ओलसरपणा होता म्हणून तो क्लॅम्प बदलला, वळ्यांवर रिंगा कुठेच नव्हत्या.