आमची वाटचाल : सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ

2008 साली हप्त्यावर घेतलेली एक जुनी इंडिका, एवढ्यावर आमचा धंदा सुरू झाला. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. स्टेशनबाहेर उभं राहायचं, गिऱ्हाईक मिळालं की वेरूळ दाखवून आणायचं. आज छत्रपती संभाजीनगरात आमच्या चार गाड्या आहेत. संख्या फार नाही, पण चारही गाड्यांना परदेशातून परत परत बोलावणं येतं.

पहिल्या वर्षीची चूक आजही बोचते. एक जपानी आजी-आजोबा होते. वेरूळ मंगळवारी बंद असतं हे मला माहीत होतं, आणि तोच वार मी अजिंठ्यालाही धरून बसलो. अजिंठा सोमवारी बंद. शंभर किलोमीटर जाऊन फर्दापूरला पोचलो तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं विमान होतं. ते रागावले नाहीत. दोघांनी डोंगराच्या दिशेनं वाकून नमस्कार केला आणि गाडीत येऊन बसले. परतीच्या वाटेवर मला त्यांच्याशी बोलवेना. त्यांच्या घरी भारताची जी गोष्ट सांगितली जाईल, तिच्यात माझा वाटा तो एवढाच!

त्यानंतर मी एकट्यानं सगळं करायचं सोडलं. लायसन्सवाले एक ज्येष्ठ गाईड आहेत, आम्ही त्यांना सर म्हणतो. त्यांना म्हटलं, मला शिकवा. ते म्हणाले, ‘‘वेरूळच्या लेण्यांची तोंडं पश्चिमेला. सकाळच्या सावलीत कैलास दाखवतोस आणि उन्हाच्या वेळी माणसांना दौलताबाद चढायला लावतोस? उलटं कर.’’ तेव्हापासून सकाळी गार हवेत किल्ला, दुपारनंतर सोळा नंबरचं लेणं, म्हणजे कैलास. डोंगर वरून खाली कोरत आणून हे मंदिर काढलं, हे ऊन कलल्यावर अंगणात उभं राहून सांगितलं की पाहुणे आपोआप गप्प होतात. अजिंठ्याला चित्रांच्या लेण्यांत चपला काढाव्या लागतात, म्हणून गाडीत मोज्यांचे जोड ठेवतो. फ्लॅश चालत नाही, हे ड्रायव्हर आधीच सांगतो. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांच्यासाठी डोलीवाल्यांशी भाव अगोदरच ठरवून ठेवतो, म्हणजे तिथं घासाघीस होत नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते कमिशन बंद करणं. पाहुण्याला दुकानात नेलं की ड्रायव्हरला पैसे मिळायचे, आणि ते शेवटी पाहुण्याच्याच खिशातून जायचे. मी ड्रायव्हरांचा पगार वाढवला, भत्ता ठरवला आणि सांगितलं, दुकान पाहुणा निवडेल. दोघं सोडून गेले. जे राहिले ते आजही आहेत, त्यातल्या मामांना तर पाहुणे नावानं पत्र लिहितात. आता पैठणला आम्ही थेट विणकराच्या मागावर नेतो. तो पदर उलटून दाखवतो. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच दिसते. पाहुण्यानं साडी घेतली नाही तरी विणकर चहा पाजतो.

बायकांची अडचण मात्र माझ्या बायकोनंच मला दाखवली. अजिंठ्याच्या रस्त्यावर स्वच्छ संडास कुठंय? सिल्लोडच्या अलीकडे एक ढाबा आहे, त्या मालकाला भेटलो. निम्मा खर्च आम्ही दिला, निम्मा त्यानं. रोज दोनदा धुवायचं ठरलं. त्याच्या वहिनींच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीला आणि ठेच्याला आता पाहुणे ठरवून थांबतात. तो रस्ता रुंदीकरणासाठी खोदलेला असताना चार-पाच तास लागायचे, तेव्हा हाच ढाबा आमची इज्जत राखायचा.

2020 च्या मार्चमध्ये लेणी बंद झाली. एक गाडी विकावी लागली. बाकीच्यांनी भाजीपाला वाहून हप्ते भरले. त्या काळात सरांनी ड्रायव्हरांना रोज संध्याकाळी फोनवर तासभर शिकवलं: अजिंठ्यातलं पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र कोणत्या लेण्यात, वेरूळची बौद्ध लेणी किती, हिंदू किती, जैन किती. बारा, सतरा, पाच. आमचे मामा दहावी नापास आहेत, पण आज हे आकडे झोपेतही सांगतात.

गणपती उठले की हंगामाआधी आम्ही सगळे ढाब्यावर बसतो. ड्रायव्हर, सर, विणकर, ढाबेवाले. गेल्या हंगामातली एकेक तक्रार मोठ्यानं वाचतो. यंदा पहिली तक्रार माझ्याच नावावर आहे: व्हिएतनामच्या एका गटाला शाकाहारी जेवण सांगूनही मी ढाब्यावर निरोप दिला नव्हता. आता निरोपाची वही गाडीतच ठेवली आहे.