माझे साडेचार गुण

प्लेसमेंटची, म्हणजे प्राध्यापकाच्या बढतीची, फाईल लावणं काय असतं, ते ज्याने लावली त्यालाच कळतं. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. यूजीसीच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकाचं काम गुणांत मोजणारा एपीआय आला आणि नेमकं माझं पहिलं प्लेसमेंट त्यात सापडलं. शिकवणं, इतर कामं, संशोधन अशा तीन कॅटॅगरी. प्रत्येकीचे गुण आणि प्रत्येक गुणाला कागद. चार दिवस नुसत्या झेरॉक्स. एका सेमिनारचं सर्टिफिकेट मिळेना, ते शेवटी लाइट बिलांच्या पिशवीत निघालं.

पेपर दोन-तीन होते, पण जीव ओतलेला एकच. रेफरीड, म्हणजे तज्ज्ञांकडून तपासूनच छापणाऱ्या जर्नलमधला; त्याला तेव्हा १५ गुण. लेखक तिघं: पहिला मी, करस्पाँडिंग, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणारे, माझे गाईड, आणि तिसरा एक मित्र, ज्याने त्याच्या लॅबमधून आम्हाला दोन स्पेक्ट्रा (पदार्थ ओळखायचे आलेख) काढून दिले होते. तेव्हाचा नियम असा की पहिला आणि करस्पाँडिंग लेखक यांनी ६० टक्के निम्मे-निम्मे घ्यायचे, उरलेले ४० टक्के बाकीच्यांत वाटायचे. १५ चे ६० टक्के ९. मला साडेचार, सरांना साडेचार. उरले ६, आणि 'बाकीचे' म्हणजे एकटा मित्र! तीनदा करून पाहिलं. बेरीज दर वेळी चोख १५.

त्याच आठवड्यात एफवायच्या पोरांना फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लॅव्हाझिए सांगत होतो. हा गृहस्थ राजाचे कर वसूल करणाऱ्या मंडळीत भागीदार, जमाखर्च अंगात मुरलेला. १७८९ च्या पुस्तकात साखर आंबवण्याचा तक्ता त्याने खतावणीसारखाच मांडलाय: साखर १०० पौंड, पाणी ४००, ओलं यीस्ट १०, एकूण ५१०. समोरच्या बाजूला अल्कोहोल, वायू, पाणी, उरलंसुरलं सगळं धरून पुन्हा ५१०. आकडे थेट ग्रेन या बारीक वजनापर्यंत. पण पुढे तो स्वतःच कबूल करतो की प्रयोग थोड्याच पौंडांवर केला, हिशेब शंभरावर नेला. ग्रेनपर्यंतच्या अचूकतेची खात्री देता येणार नाही.

माझ्या फॉर्मात असं काही लिहायला जागा नव्हती. त्या पेपरसाठी चौदा महिने माझी एकेक बॅच तेलकट निघत होती, क्रिस्टल पडायचं नावच नाही. त्यालाही रकाना नव्हता. आता खरं सांगायचं तर, असा रकाना ठेवला असता तर तोही आम्ही भरभरून भरला असता!

एक सहकारी म्हणाले, "नऊ टाका हो, कोण बघतंय?" मी साडेचारच टाकले. कमिटीसमोर गेलो तर पेपर काय आहे ते कुणीच विचारलं नाही; आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा नोंदणी क्रमांक, मात्र बोट ठेवून, एकेक आकडा मोठ्याने वाचून तपासला. काठावर निघालो.

पुढच्या महिन्यात मित्राचा मेसेज: "त्या पेपरच्या पहिल्या पानाची झेरॉक्स पाठव, मलाही फाईल लावायचीय." फोटो पाठवला, खाली लिहिलं, "तुझे सहा." दोन मिनिटांत फोन. "सहा? आणि तुझे?"