युरोपला गेले आणि फरश्या बघून आले

एप्रिलमध्ये आम्ही पाच जणी, सगळ्या इंटिरियरवाल्या, मिलानला सालोने देल मोबिलेला जाऊन आलो. १९६१ पासून भरतंय हे फर्निचरचं प्रदर्शन, आता शहराबाहेर रो नावाच्या गावातल्या फिएरामध्ये, म्हणजे प्रदर्शन संकुलात, असतं आणि एवढं अवाढव्य की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला सगळे सोफे एकाच गोलाईचे दिसायला लागले. फोनमध्ये सातशे-आठशे फोटो, त्यातला कुठला कुठल्या स्टॉलचा हे विचाराल तर शपथ. दिवे मात्र छान होते, एवढंच बोलते.

खरी मजा नंतर. मिलानहून व्हेनिसला जाताना वाटेत व्हेरोनाला उतरलो, कारण आमच्यातली एक कॉलेजपासून कार्लो स्कार्पा या इटालियन आर्किटेक्टची भक्त आहे आणि कास्तेलवेक्कियो बघितल्याशिवाय पुढे येणार नाही म्हणाली. चौदाव्या शतकातला किल्ला, आत म्युझियम, स्कार्पाने १९५८ पासून सहा-सात वर्षं त्याच्यावर काम केलं. मूर्ती वगैरे सगळे बघत होते, आम्ही पाच जणी खाली वाकून कोपरे बघतोय! त्याने नवीन फरशी जुन्या भिंतीला टेकवलेलीच नाहीये, मध्ये चक्क फट सोडलीये, फरशीला दगडाची पट्टी आणि मग फट आणि मग भिंत. आपल्याकडे मिस्त्री लगेच म्हणेल, मॅडम इथे स्कर्टिंग राहिलंय. पण ती फट बघितली की कळतं जुनं कुठे संपलं आणि नवीन कुठे सुरू झालं, कोणी कोणाची नक्कल करत नाहीये.

व्हेनिसमध्ये सॅन मार्को चौकात त्याचंच ऑलिव्हेट्टीचं शोरूम आहे, १९५८ चं, टाइपरायटर विकायला केलेलं, जागा आपल्या लक्ष्मी रोडवरच्या एखाद्या बोळकांडी दुकानासारखी अरुंद आणि लांब. जमिनीत काचेचे छोटे तुकडे बसवलेत, प्रत्येक भागाचा रंग वेगळा, आणि ते असे चमकतात की आत्ताच कोणी फडकं मारून गेलंय असं वाटतं. जिना तर संगमरवराच्या लाद्या हवेत ठेवल्यासारखा. क्वेरिनी स्तांपालिया या जुन्या वाड्यातल्या म्युझियममध्ये अजून कमाल, भरतीचं पाणी आत येणारच हे धरून त्याने तळमजला केलाय, पाणी दारातून येतं आणि कडा उचललेल्या जमिनीच्या बाजूने फिरतं. इथे वरच्या मजल्यावरचं बाथरूम गळलं की सोसायटीत दोन वर्षं अबोला, आणि हा माणूस पाण्याला म्हणतो ये बाबा आत.

पण माझी विकेट पडली ती आमच्या साध्या बी अँड बीमध्ये. सकाळी अनवाणी उठले आणि पायाला एकदम ओळखीचं गार लागलं. खाली तेराझ्झो. संगमरवराचे उरलेसुरले तुकडे चुन्यात दाबायचे, घासायचे, वर जवसाचं तेल पाजायचं. व्हेनिसची घरं लाकडी खांबांवर उभी, थोडीफार हलतात, चुन्याची जमीन ते सांभाळून घेते. आणि मी बघतेय काय तर आपली मोझॅक! म्हणजे आपली सिमेंटची, कारखान्यात दाबलेली आणि चौकोनी, त्यांची जागेवर घातलेली, पण घराणं एकच. सत्तरच्या दशकातल्या पुण्या-मुंबईच्या निम्म्या फ्लॅटमध्ये आहे ती, आणि गेल्या बारा वर्षांत मी स्वतः किती ब्रेकर लावून राडारोड्याच्या गोण्यांत भरून पाठवली याचा हिशोब नको. वर चार बाय दोनच्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स. क्लायंटला तेच हवं असतं हे खरंय, पण मीही कधी एका शब्दाने ठेवा म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात कर्वेनगरच्या साइटवरून मिस्त्रींचा फोन, मॅडम फरशी काढायला माणसं आलीत, सुरू करू का. मी ओरडलेच, थांबा, हात लावू नका! मग क्लायंटला तिथूनच व्हिडिओ कॉल, आमची जमीन दाखवली, तो बिचारा हो म्हणाला. बहुतेक वाचलेल्या पैशांमुळे.

परवा पॉलिशवाले मशीन लावून गेले. आतून राखाडी, पांढरे आणि कुठे कुठे वीटकरी दाणे निघालेत. त्या घरातल्या आजी खुर्चीत बसून बघत होत्या, म्हणाल्या, "अगं हीच ठेवायची होती तर एवढ्या लांब कशाला गेलीस?"

आता एकच घोळ आहे. हॉल आणि किचनमधली भिंत पाडली तिथे जमिनीत साडेचार इंचांचा पट्टा उघडा पडलाय आणि तसा दाणा आता मिळत नाहीये. मिस्त्री म्हणतात जवळपासचा काहीतरी भरून टाकू, कळणार नाही. मी म्हटलं कळू दे, कडप्प्याची काळी पट्टी टाका सरळ. ते माझ्याकडे बघत राहिले. सोमवारी कडप्पा येतोय.